ख्रिस्ती शाळा व आमची मराठी

आमचें बालपण भाईंदरजवळील उत्तन गांवीं गेलें. आतां हें गांव मीरा-भाईंदर महानगरपालिकेंत मोडतें. घरीं प्रार्थना मराठींत आणि भांडणहि मराठींत. परंतु शाळेंत मराठी शब्द तोंडांतून निघाला कीं गळ्यांत लांकडी पाटी पडे, व दुसरा अपराधी सांपडेपर्यंत ती उतरत नसे. सोबत्यांवर पाळत ठेवण्याची विद्या आम्हीं तेथेंच संपादन केली! नवल असें कीं, ज्या पाद्रीबावांनीं ही पाटी करविली त्यांनींच आपल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली आमच्या हवालीं केली, आणि अमुक वाचूं नको असें एकदांहि म्हटलें नाहीं.

हा विसंवाद त्यांचा एकट्याचा नव्हे. इ. स. १५३४ मध्यें वसई व साष्टी पोर्तुगीजांकडे गेल्यावर फ्रान्सिस्कन पाद्र्यांनीं बोरिवलीनजीक मंडपेश्वर येथें नवख्रिस्ती मुलांसाठीं विद्यालय उभारलें, तें शैव लेण्याच्या माथ्यावर. खालच्या लेण्याचें चर्च झालें. तिकडे गोव्यांत धर्मांतरितांस जुनीं पुराणें वाचण्याची बंदी झाली होती. वाचावयास कांहींच उरलें नाहीं, ही त्यांची उणीव फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्विटानें ओळखली व १६१६ सालीं सुमारें अकरा हजार ओंव्यांचें 'ख्रिस्तपुराण' मराठींत छापून दिलें. देशी लिपीस सहाशें खिळे लागतील हें त्यानें १६०८ सालींच हिशेबून पाहिलें होतें. म्हणून छपाई रोमन अक्षरांत झाली. म्हणजे बंदीनें रिकामी केलेली जागाच या ग्रंथानें भरली, असें आम्हांस वाटतें. पुढें १६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयानें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांत देशभाषा टाकून पोर्तुगीज बोलावें. हुकमानें बोली मेली नाहीं. आमच्या बाजूस तर १७३९ सालीं मराठ्यांनीं पोर्तुगीज सत्ताच संपविली. इंग्रजी अमदानींत शाळांतून इंग्रजी आली, आणि तिच्यामागून आमची ती पाटी.

कॉलेजांत असतां मंगळूरची १९०७ सालची 'ख्रिस्तपुराणा'ची आवृत्ति आमच्या हातीं आली. तीहि रोमन लिपींतच. शाळेनें तीं अक्षरें गिरवून घेतलीं नसतीं तर आमच्याच भाषेंतील तो ग्रंथ आम्हांस वाचतां आला नसता. सुटींत आजीस कांहीं ओंव्या म्हणून दाखविल्या. ती निरक्षर होती; अंगणांत बोंबील वाळत घालतां घालतां ऐकत राहिली. थोड्या वेळानें तिचे हात थांबले.

"हें तुमच्या शाळेंत शिकवतात काय रे?"

नाहीं, असें आम्हीं सांगितलें. तिनें पुढचा बोंबील उचलला.