नागपूरमधील फुटबॉल आणि युवा खेळाडूंची घडण
नागपूर शहर व त्याच्या ईशान्येस सु. १६ किमी. वर असलेले कामठी या परिसरात रुजलेली, मोहल्ल्यातील मंडळे आणि शाळा यांच्या आधारे वाढलेली फुटबॉलची परंपरा विदर्भाच्या क्रीडाजीवनाचे एक ठळक अंग आहे. कामठी येथे १८२१ मध्ये ब्रिटिशांची लष्करी छावणी स्थापन झाली. एकोणिसाव्या शतकात पलटणींबरोबर हा खेळ भारतातील छावण्यांत आला आणि तेथून आसपासच्या वस्त्यांत पसरला. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचे यंग मुस्लिम फुटबॉल क्लब व राहुल क्लब, तसेच रेल्वे, पोलीस यांसारख्या खात्यांचे संघ ही या परंपरेची प्रमुख केंद्रे होत. स्थानिक साखळी सामने जिल्हा फुटबॉल संघटनेच्या नियंत्रणाखाली होतात.

अशी परंपरा असूनही नागपूरचा एकही क्लब राष्ट्रीय व्यावसायिक साखळीच्या वरच्या श्रेणीत पोहोचलेला नाही. या उणिवेचा परिणाम युवा खेळाडूंवर कसा होतो, हे समजण्यासाठी व्यावसायिक क्लबांची खेळाडू घडविण्याची पद्धत पाहणे आवश्यक आहे.

व्यावसायिक क्लब साधारणतः बाराव्या वर्षापासून मुलांना आपल्या प्रबोधिनीत घेतो. अठरा ते एकवीस या वयात खेळाडूला सरावापेक्षा प्रत्यक्ष सामन्यांची गरज अधिक असते. परंतु मुख्य संघात त्याला जागा मिळेलच असे नाही. अशा वेळी क्लब त्याच्याशी असलेला करार कायम ठेवून त्याला ठराविक मुदतीसाठी दुसऱ्या, बहुधा लहान, क्लबाकडे पाठवितो. यास खेळाडू ‘लोनवर देणे’ म्हणतात. लहान क्लबाला कमी खर्चात गुणी खेळाडू मिळतो, खेळाडूला सामने मिळतात व मूळ क्लबाचा हक्क अबाधित राहतो. काही श्रीमंत क्लबांनी मात्र डझनावारी खेळाडू करारबद्ध करून ते वर्षानुवर्षे इतरत्र फिरते ठेवले. यास आळा घालण्यासाठी ‘फिफा’ या जागतिक संघटनेने १ जुलै २०२२ पासून आंतरराष्ट्रीय लोनवर निर्बंध घातले : मुदत जास्तीत जास्त एक वर्ष; लोनवर आलेल्या खेळाडूस तिसऱ्या क्लबाकडे पाठविण्यास मनाई; आणि एका क्लबाने देण्याच्या व घेण्याच्या खेळाडूंची संख्या टप्प्याटप्प्याने प्रत्येकी सहापर्यंत मर्यादित. एकवीस वर्षांपर्यंतचे व क्लबाने स्वतः घडविलेले खेळाडू या संख्येत धरले जात नाहीत.

भारतात या पद्धतीचा मोठा वापर २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमुळे झाला. प्रारंभीचे हंगाम दोन-तीन महिन्यांचेच असल्याने आय-लीगमधील क्लबांचे अनेक खेळाडू तेवढ्या काळापुरते लोनवर घेतले जात. २०१७ पासून दोन्ही स्पर्धा एकाच वेळी भरू लागल्या आणि ही व्यवस्था संपली. महाराष्ट्रात या घडामोडी मुंबई व पुणे येथेच केंद्रित राहिल्या. पुणे एफसी (स्थापना २००७) या क्लबाने स्वतःची प्रबोधिनी चालविली. परंतु २०१५ मध्ये तो बंद पडला. लोनसाठी मूळ क्लब लागतो आणि तो मुंबईपासून सु. ८०० किमी. दूर असलेल्या नागपूरच्या मुलाजवळ नव्हता.

ही पोकळी अंशतः एका वेगळ्या प्रयोगाने भरून काढली. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुले भर पावसात तुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली आणि २००१ मध्ये अशा मुलांसाठी फुटबॉल स्पर्धा भरविली. ‘झोपडपट्टी फुटबॉल’ म्हणून सुरू झालेले हे कार्य पुढे क्रीडा विकास संस्थेमार्फत ‘स्लम सॉकर’ या नावाने देशाच्या इतर भागांतही पोहोचले. बेघर व वंचित खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत या संस्थेने भारतीय संघ पाठविले. २०१० मध्ये रीओ दे जानेरो येथे नागपूरचा अखिलेश पॉल भारताचा कर्णधार होता. २०१६ मध्ये संस्थेस फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. या कार्यावर आधारित झुंड हा नागराज मंजुळे यांचा हिंदी चित्रपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाला.

या जागतिक स्पर्धेत प्रत्येक संघाचे चार खेळाडू मैदानात असतात व सामना चौदा मिनिटांचा असतो. खेळाडूस आयुष्यात एकदाच भाग घेता येतो, हा तिचा नियम विशेष लक्षणीय आहे. क्लब आपला खेळाडू इतरत्र पाठवितो तो परत मिळविण्यासाठी. येथे संघटना त्याला एकदा संधी देऊन कायमचा मोकळा करते. साहजिकच यशाचे मोजमापही बदलते. खेळाडूची किंमत वाढली की नाही यापेक्षा तो व्यसन, गुन्हेगारी वा शाळागळती यांपासून दूर राहिला की नाही, हे येथे पाहिले जाते. खेळून झालेल्यांपैकी काही जण प्रशिक्षक होऊन आपल्याच वस्तीत परततात.

तथापि या पद्धतीस मर्यादा आहेत. आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाच्या रकमेतील पाच टक्के भाग खेळाडूला वयाच्या बारा ते तेवीस वर्षांच्या काळात घडविणाऱ्या क्लबांत वाटावा, असा फिफाचा नियम आहे. बारा ते पंधरा या वयातील प्रत्येक वर्षासाठी या भागाचे पाच टक्के व त्यानंतरच्या प्रत्येक वर्षासाठी दहा टक्के दिले जातात. मात्र त्यासाठी खेळाडूची त्या क्लबाकडे रीतसर नोंदणी झालेली असावी लागते. मोहल्ल्यातील मैदानावर नोंदणीविना खेळलेली वर्षे या हिशेबात येत नाहीत. त्यामुळे एखादा मुलगा पुढे नावारूपास आला, तरी त्याला प्रथम चेंडू देणाऱ्या मैदानास त्याचा आर्थिक लाभ होत नाही.

नागपूरच्या अनुभवावरून असे दिसते, की खेळाडू घडविण्याचे पहिले, सर्वांत कष्टाचे काम वस्ती व शाळा करू शकतात. परंतु सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूस पुढची पायरी केवळ क्लबच देऊ शकतो. स्थानिक मंडळांतील मुलांची बाराव्या वर्षापासून नियमित नोंदणी आणि मोठ्या क्लबांनी आपले युवा खेळाडू विदर्भातील संघांकडे व विदर्भातील खेळाडू आपल्या प्रबोधिनीत घेण्याची देवघेव, या दोन गोष्टी साधल्यास ही तुटलेली साखळी जुळू शकेल.