धुराड्याला लागलेला लोणा

जुन्या वाड्याच्या भिंतीवर पायथ्याशी पांढरी भुकटी दिसू लागली, की घरातील वडीलधारी मंडळी 'लोणा लागला' एवढेच म्हणत. रोगाचे निदान त्या दोन शब्दांत होऊन जाई. जमिनीतील ओल विटांमधून वर चढते, वाटेतील क्षार विरघळवून बरोबर नेते आणि पृष्ठभागाशी येऊन स्वतः उडून जाते. क्षार तेवढा मागे राहतो. या क्षारांत पुष्कळदा शोरा असे, आणि तोफेच्या दारूत सर्वांत मोठा वाटा शोऱ्याचाच. राज्यक्रांतीच्या काळात, १७९३-९४ मध्ये, फ्रेंचांनी तळघरांच्या भिंती खरवडून तो गोळा केला होता. घरे पोखरणारा क्षार असा रणांगणावरही पोहोचला!

धुराड्याची गोष्ट मात्र निराळी. त्याला लोणा केवळ पायातून लागत नाही, धुरातूनही लागतो. दगडी कोळशात गंधक असते. ते जळून झालेला वायू, कोळशातून निघालेली वाफ आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने गंधकाम्ल तयार होते. आतली भिंत थंड असेल तर हे आम्ल तिच्यावर दवासारखे जमते, दरजांतील चुन्याशी संयोग पावते आणि त्याचे जिप्सम होते. विटांतील सोडा व पोटॅश यांचेही सल्फेट बनतात. धुराडे तापलेले असते तोवर त्याच्या अंगी ओल टिकत नाही आणि हे क्षार बहुधा कोरडेच पडून राहतात.

आम्हा इंदूरकरांना धुराड्यांचे अप्रूप सांगायला नको. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत संस्थानाची कापडगिरणी निघाली. विसाव्या शतकाच्या आरंभी मालवा मिल, हुकुमचंद मिल आणि त्यांच्या मागोमाग इतर गिरण्या उभ्या राहिल्या. भारतात सिमेंटचे कारखाने नियमितपणे चालू लागले ते १९१४ नंतर. म्हणजे त्यापूर्वीची बहुतेक वीटकामे चुन्यातली. चुन्याच्या दरजा मऊ आणि सच्छिद्र. त्यांतून ओल बाहेर पडते, आणि झीज व्हायचीच तर आधी दरजेची होते, विटेची नव्हे. जुने गवंडी हे पुस्तक न वाचताही जाणत होते.

धुराडे थंड होण्याची कथा गिरणी बंद पडण्याच्याही आधीची आहे. वेकफील्डच्या एडवर्ड ग्रीनने १८४५ साली एका यंत्राचे पेटंट घेतले. धुराबरोबर वाया जाणाऱ्या उष्णतेवर बॉयलरचे पाणी तापवायचे, ही त्यातली युक्ती. कोळसा वाचला, पण धूर तेवढाच थंड होऊन वर जाऊ लागला. मालकाची बचत धुराड्याच्या अंगावर आली, असे म्हणावयास हरकत नाही. इंग्लंडमधील घरोघरच्या धुराड्यांनाही मंद जळणाऱ्या बंद शेगड्यांनी असाच त्रास दिला. धूर थंड, ओल जास्त. त्यातून दरजा सिमेंटच्या. सिमेंटमधील घटकांशी सल्फेटचा संयोग झाला की दरजा फुगतात. पावसाचा मारा ज्या बाजूस अधिक, ती बाजू अधिक फुगते आणि धुराडे कोरड्या बाजूकडे कलते. अखेर १९६५ च्या इमारत-नियमांनी तेथील नव्या धुराड्यांना आतून अस्तर सक्तीचे केले.

आपल्याकडे भट्ट्या एकदम विझल्या. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या पैशांचा निकाल लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. माणसांची ही गत, तेथे विटांकडे कोण पाहणार? विझलेल्या धुराड्यात वरून पाऊस सरळ आत पडतो. अनेक वर्षे निजलेले क्षार विरघळून बाहेरच्या अंगाकडे सरकतात. वर दिसणारी पांढरी भुकटी फारशी घातक नसते. खरा घात कातड्याखाली होतो. सोडियम सल्फेटचा कोरडा स्फटिक ओल मिळताच पाण्याचे दहा रेणू धरतो आणि तिपटीहून अधिक फुगतो. पावसाळ्यात ओले, हिवाळ्यात कोरडे, असे चक्र चालू राहिले की विटेचे पापुद्रे सुटतात. बाहेरून आवळलेले लोखंडी पट्टे गंजून सुटतात ते वेगळेच.

अशा वेळी सर्वांत सोपा उपाय म्हणून सिमेंटचा गिलावा केला जातो आणि वर चकचकीत रंग फासला जातो. आमच्या मते धुराड्याचे याहून मोठे अहित नाही. ओलीची वाट बंद होते आणि गिलाव्यामागे क्षार साठत राहतो. दोन-चार पावसाळ्यांनी गिलावा विटेचा थर घेऊनच गळून पडतो. पाण्याने धुणेही तितकेच वाईट, कारण क्षार पुन्हा विरघळून आत शिरतो. करायचे ते याच्या उलट. वरच्या तोंडावर टोपी बसवावी, पण वारा खेळण्यास बाजूंनी जागा ठेवावी. पायथ्याशीही हवेला वाट हवी. पायाजवळ तुंबणाऱ्या पाण्याला उतार द्यावा. नैर्ऋत्य पावसाच्या माऱ्याची बाजू आधी तपासावी. सिमेंटच्या दरजा हलक्या हाताने कोरून काढून त्या चुना आणि विटांच्या सुरखीने भराव्यात. पांढरी भुकटी उन्हाळ्यात, कोरड्या दिवशी, मऊ कुंच्याने झाडावी, आणि खाली पडलेली सगळी सुपात भरून दूर नेऊन टाकावी. पायथ्याशी राहिली तर पहिल्याच पावसात ती पुन्हा विटांत जाते.