माउंट अल्बर्ट (ऑकलंड)

माउंट अल्बर्ट हे न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराचे एक निवासी उपनगर आहे. शहराच्या मध्यवर्ती भागापासून नैर्ऋत्येस सुमारे ७ किलोमीटरवर, ओवायराका या ज्वालामुखी टेकडीच्या परिसरात ते वसले आहे. टेकडीची सध्याची उंची १३५ मीटर आहे. 'सध्याची' हा शब्द येथे मुद्दाम योजावा लागतो. कारण दीडशे वर्षांपूर्वी ही टेकडी याहून उंच होती आणि तिचा माथा निसर्गाने नव्हे, तर माणसाने उतरवला.

टेकडी

ऑकलंडच्या ज्वालामुखी क्षेत्रात पन्नासाहून अधिक ज्वालामुखी आहेत. त्यांपैकी प्रत्येक साधारणपणे एकदाच जागा होतो आणि मग कायमचा शांत होतो. पुढचा उद्रेक नव्या ठिकाणी होतो. ओवायराकाचा उद्रेक सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वी झाला असे मानतात. त्यामुळे ही टेकडी विझलेली आहे असे म्हणता येते. संपूर्ण क्षेत्राबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. बंदरासमोरचे रांगितोतो बेट जेमतेम सहाशे वर्षांपूर्वी समुद्रातून वर आले.

टेकडी मुख्यतः स्कोरियाची आहे. स्कोरिया म्हणजे वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झालेला, लालसर किंवा काळपट लाव्हादगड. जातीने तो महाराष्ट्रातील काळ्या पाषाणाचाच आप्त, पण वजनाला हलका आणि फोडायला सोपा. हाच गुण टेकडीच्या मुळावर आला. लोहमार्ग १८८० मध्ये येथून पुढे गेला आणि रुळांखाली घालण्याच्या खडीसाठी रेल्वेने टेकडी खणण्यास आरंभ केला. अनेक दशके चाललेल्या या खाणकामात शिखराची उंची सुमारे १५ मीटरांनी घटली. शिखराबरोबर तेथील मानवी वस्तीच्या खुणाही गेल्या आणि ही हानी उंचीच्या आकड्यात दिसत नाही.

नावे आणि माओरी परंपरा

'ओवायराका' म्हणजे वायराकाचे स्थान. माताआतुआ या नौकेचा नायक तोरोआ याची वायराका ही कन्या. नकोशा विवाहातून सुटण्यासाठी ती उत्तरेकडे आली आणि या टेकडीवर राहिली, अशी परंपरा आहे. तहानलेल्या वायराकाने जमिनीवर पाय आपटताच झरा फुटला, अशीही कथा सांगतात. तो झरा जवळच्या युनिटेक या शिक्षणसंस्थेच्या आवारात आजही वाहतो. टेकडीचे दुसरे नाव 'ते अही-का-आ-राकाताउरा', म्हणजे राकाताउराचा अखंड तेवता अग्नी. माओरी संकल्पनेत एखाद्या भूमीवर अग्नी तेवत ठेवणे म्हणजे तिच्यावरील आपला हक्क जागता ठेवणे होय.

युरोपियन येण्यापूर्वी टेकडीवर 'पा', म्हणजे तटबंदीची वस्ती होती. उतारावर खोदलेल्या पायऱ्यांसारख्या सपाट जागा आणि कुमारा (माओरींचे रताळे) साठविण्याचे खड्डे हे तिचे अवशेष होत. ज्वालामुखीची सुपीक माती कुमाऱ्याच्या लागवडीस उत्तम होती. 'अल्बर्ट' हे इंग्रजी नाव राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्यावरून पडले.

उपनगराची वाढ

वसाहतीच्या काळात प्रथम शेते आणि मोठ्या जहागिरी होत्या. ॲलन केर टेलर यांनी १८६३ मध्ये बांधलेले 'अल्बर्टन' हे घर त्या काळाचे उत्तम उदाहरण आहे. टेलर यांचे वडील भारतात लष्करी सेवेत होते, आणि पुढे अठरा खोल्यांपर्यंत वाढलेल्या या लाकडी वाड्याच्या सज्जांवर व मनोऱ्यांवर भारतीय धाटणीची छाप दिसते. त्यांच्या पत्नी सोफिया टेलर स्त्रियांच्या मताधिकाराच्या खंद्या पुरस्कर्त्या होत्या. न्यूझीलंडमध्ये तो हक्क १८९३ मध्ये मिळाला. आज अल्बर्टन हे संग्रहालय आहे.

उपनगराच्या उत्तर टोकाला १८६७ मध्ये मनोरुग्णालय सुरू झाले. ते १९९२ मध्ये बंद झाले; त्याच्या विटांच्या इमारतीत आणि आवारात पुढे युनिटेक विस्तारले. रेल्वे आणि मग ट्राम आल्यावर शेतांचे भूखंड पडले, लाकडी घरे उभी राहिली. माउंट अल्बर्टला १९११ मध्ये स्वतंत्र नगरपालिका मिळाली. १९८९ मध्ये ती ऑकलंड शहरात विलीन झाली. माउंट अल्बर्ट ग्रामर स्कूल १९२२ पासूनचे आहे. शेजारच्या सँड्रिंगहॅमच्या बाजारपेठेत भारतीय किराणा दुकाने आणि खानावळी मोठ्या संख्येने आहेत.

माउंट अल्बर्ट मतदारसंघाने देशाला दोन महिला पंतप्रधान दिल्या : हेलन क्लार्क (१९९९–२००८) आणि जसिंडा आर्डर्न (२०१७–२०२३).

टेकडीची परतफेड आणि वृक्षांचा वाद

सन २०१४ च्या कायद्याने ऑकलंडमधील १४ ज्वालामुखी टेकड्यांची मालकी तेथील १३ माओरी गटांच्या समूहाकडे परत गेली; ओवायराका त्यांपैकी एक आहे. या टेकड्यांना 'तुपुना माउंगा', म्हणजे पूर्वजांचे पर्वत, असे म्हणतात. त्या सर्व जनतेसाठी खुल्या राहतील ही अट कायद्यातच आहे. व्यवस्था पाहणाऱ्या प्राधिकरणात माओरी गट आणि ऑकलंड परिषद यांचे समसमान प्रतिनिधी असतात.

प्राधिकरणाने २०१९ मध्ये ओवायराकावरील ३४५ विदेशी झाडे तोडून तेथे हजारो देशी रोपे लावण्याचे ठरविले. टेकडीला तिचे मूळ वनस्पतिरूप द्यावे आणि जुन्या वस्तीचे अवशेष राखावेत, ही भूमिका होती. नोव्हेंबरमध्ये रहिवाशांनी प्रवेशद्वार अडवून विरोध सुरू केला. देशी रोपांना त्यांचा आक्षेप नव्हता. वाढलेली झाडे एकाच वेळी तोडल्यास सावली आणि पक्ष्यांचा आसरा दोन्ही जातील, म्हणून ती टप्प्याटप्प्याने काढावीत असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद माओरी विरुद्ध गोरे असा रंगविला गेला, पण ते चित्र अपुरे आहे. विरोधकांत काही माओरीही होते. दुसरीकडे, टेकडी रेल्वेसाठी खणली जात असताना माओरींचे मत कोणी विचारले नव्हते, आणि परत मिळालेल्या भूमीवरचा निर्णय अडविला गेल्याचा सल त्या इतिहासातून येतो.

उच्च न्यायालयाने २०२० मध्ये विरोधकांचा अर्ज फेटाळला. अपील न्यायालयाने मात्र मार्च २०२२ मध्ये निर्णय फिरविला : प्राधिकरणाने लोकांशी पुरेशी सल्लामसलत केली नाही आणि परिषदेने जाहीर सूचना न देता परवानगी दिली, म्हणून ती तोड बेकायदेशीर ठरली. टेकडीची मालकी कोणाची हा प्रश्न या खटल्यात नव्हता. ती २०१४ मध्ये ठरली तशीच आहे.