सायकल, बिल्ला आणि मोजदाद



तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाला सायकलीवर बोलायला का बोलावता, असे आम्ही फोनवर विचारले. त्यावर तुमच्यातली एक स्वयंसेविका म्हणाली, "सर, आम्हाला नगरपालिकेला निवेदन द्यायचंय. त्यात काय मागायचं यावरून आमच्यातच भांडण लागलंय." भांडण आहे म्हटल्यावर आम्हाला यावेसे वाटले. एकमत झालेल्या सभेत तत्त्वज्ञानाच्या मास्तराला काही काम नसते.

भांडण असे आहे. तुमच्यातले काही जण रविवारी पहाटे यवतेश्वरचा घाट चढून कासला जातात. गिअरची सायकल, डोक्यावर हेल्मेट, मनगटावर ठोके मोजणारे घड्याळ. त्यांना वाटते, निवेदनात आरोग्य आणि पर्यावरण यांवर भर द्यावा, मोठी फेरी काढावी, म्हणजे लोक सायकलीकडे वळतील. दुसरे काही जण म्हणतात, औद्योगिक वसाहतीत रोज सायकलने जाणाऱ्या कामगाराला तुमच्या फेरीचा काय उपयोग? त्याला रस्त्याची कड सारखी करून द्या, वळणावर दिवा द्या. दोन्हीकडची माणसे भली आहेत, पदरचा वेळ आणि पैसा घालणारी आहेत. आम्ही कोणत्या बाजूचे ते ओघात कळेलच. आधी थोडा इतिहास.

सुरुवात बेळगावातून करू, कारण तिथून निघालेली वाट सांगली जिल्ह्यातच येऊन पोचते. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुणाला तरी सायकल चालवताना पाहिले आणि त्यांना त्या यंत्राने वेड लावले. त्यांनी सायकल घेतली, शिकले, आणि मग मुंबईहून सायकली बेळगावला थोरल्या भावाकडे, रामूअण्णांकडे, विकायला पाठवू लागले. या सायकलीच्या दुकानाचे साल १८८८ धरतात. त्याच वर्षी तिकडे बेलफास्टला डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. म्हणजे जगातही सायकल अजून धड तयार व्हायची होती, आणि बेळगावात तिचे दुकान निघाले होते!

आता यातली गंमत बघा. नुसते दुकान मांडून सायकल खपेना. गिऱ्हाइकाला बसायला कोण शिकवणार? तेव्हा किर्लोस्कर बंधू शिकवणीही देत, आणि शिकवणीचे १५ रुपये घेत. ही रक्कम तेव्हाच्या मजुराच्या महिन्याच्या कमाईहून मोठी होती, हे लक्षात ठेवा. सायकल तेव्हा साहेबाची, वकिलाची, डॉक्टरची होती. पुढे लक्ष्मणरावांनी मुंबईची नोकरी सोडली, बेळगावात कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर केले. नांगराचे तर असे झाले, की लोखंडाने जमिनीत विष भिनेल म्हणून शेतकरी त्याला हात लावीनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली म्हणतात. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर जागा दिली. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. आज ती पलूस तालुक्यात आहे. या माळावरच्या कारखान्याचा धागा मागे ओढत गेलात, तर टोकाला सायकलीचे दुकान आणि सायकलीची शिकवणी सापडते.

त्याच सुमारास इंग्लंड-अमेरिकेत सायकलवाल्यांच्या संघटना निघाल्या होत्या. इंग्लंडातला सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब १८७८ चा, अमेरिकेतली व्हीलमेन मंडळींची लीग १८८० ची. हे तुमचे पूर्वज बरं का! इंग्लंडातल्या संघटनांनी अवघड उतारांच्या तोंडाशी धोक्याच्या पाट्या लावल्या. अमेरिकेतल्यांनी चांगल्या रस्त्यांची चळवळ उभी केली. मोटार अजून रस्त्यावर दिसत नव्हती, तेव्हापासूनची ही मागणी. आज मोटारवाला सायकलवाल्याला म्हणतो, 'बाजूला हो, रस्ता गाड्यांचा आहे.' गुळगुळीत रस्ता आधी मागितला तो सायकलवाल्याने. पण तो मागणारा सायकलवाला सुखवस्तू होता. त्याची ओळख होती, त्याचे पत्र वर्तमानपत्रात छापून येई. म्हणून त्याचे ऐकले गेले.

आपल्याकडे सायकल गरिबापर्यंत पोचली ती मुख्यतः स्वातंत्र्यानंतर. मद्रासची टीआय १९४९ ची, सोनीपतची ॲटलास १९५१ ची, लुधियानाची हिरो १९५६ ची. देशात सायकली बनू लागल्या आणि साहेबाचे यंत्र शिपाई, गवळी, टपालवाला, गिरणीकामगार यांच्याकडे आले.

आमचे बालपण याच काळातले. आम्ही जन्मलो तेव्हा आमच्या जिल्ह्याचे नाव सांगली नव्हते, 'दक्षिण सातारा' होते. १९४९ ला साताऱ्यातून तो वेगळा काढला आणि १९६० ला त्याचे सांगली झाले. म्हणून सातारकर आम्हाला पाहुणा म्हणतात तेव्हा आम्ही हसतो. सांगली सपाट. आयर्विन पुलावरून सकाळी सांगलवाडीकडून दुधाच्या किटल्या लावलेल्या सायकलींची रांग यायची. विश्रामबागच्या विलिंग्डन कॉलेजात सांगली आणि मिरज दोन्हीकडून पोरे सायकलवर यायची. वाऱ्याची दिशा बघून आम्ही ठरवायचो, आज पहिला तास चुकणार की नाही. साताऱ्याचे उलटे. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेले गाव. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे निघालेला माणूस सायकलवर बसलेला कमी आणि तिला हाताने ढकलत चाललेला जास्त. साताऱ्यात सायकल ही अर्धा वेळ चालवायची आणि अर्धा वेळ चालत न्यायची वस्तू आहे, हे निवेदन लिहिताना विसरू नका. सांगलीचा नकाशा इथे चिकटवून चालणार नाही.

घरची सायकल वडिलांची, तिला हात लावायची सोय नव्हती. म्हणून भाड्याची, तासावर मिळणारी. दांड्याखालून एक पाय पलीकडे घालून, अंग वाकडे करून, अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने आम्ही शिकलो. गुडघ्याची खूण अजून आहे.

पण आम्हाला सांगायचे आहे ते बिल्ल्याचे. इथल्या तरुणांना माहीत नसेल, सायकलीवर नगरपालिकेचा कर असे. वर्षाचा कर भरला की पत्र्याचा एक छोटा बिल्ला मिळे, तो सायकलीला लावावा लागे. बिल्ला नसला, संध्याकाळी दिवा नसला, डबलसीट दिसले, की पोलीस थांबवणार. दंड नाहीतर चाकातली हवा सोडणार. आम्ही एकदा मिरजेच्या रस्त्यावर हवा सोडलेली सायकल दीड कोस ढकलत आणली आहे. त्या करावर लोक चिडत. गरिबाच्या वाहनावर कसला कर? पुढे ठिकठिकाणी तो गेला. गेला ते बरेच झाले, आणि तो परत आणा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु त्या बिल्ल्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, ती कुणाच्या ध्यानात आली नाही. गावात सायकली किती, हे नगरपालिकेला बिल्ल्यांच्या वहीवरून कळत होते. कर गेला, वही गेली. मोटारीची नोंद राहिली, मोटारसायकलीची राहिली. सायकलवाला कागदावरून पुसला गेला. कागदावर जो नाही त्याच्यासाठी रस्ता कोण आखणार?

बरे, आकड्यांत तो थोडा आहे असेही नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती, स्कूटर किंवा मोटारसायकल २१ टक्के घरांत, आणि मोटार ५ टक्क्यांहूनही कमी घरांत. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात तर रस्त्याची वाटणी वाहनांकडे पाहून न करता माणसांकडे पाहून करा, असे तत्त्वच आहे. तत्त्व उत्तम. आम्ही जन्मभर तत्त्वेच शिकवली, ती कागदावर किती सुखाने झोपतात ते आम्हाला ठाऊक आहे.

आता एक कबुली. प्राध्यापक म्हणून कायम झालो त्या वर्षी आम्ही सायकल सोडली आणि स्कूटर घेतली. अंतर तेवढेच होते, घाई नव्हती. मग का? सायकलवर आलेला प्राध्यापक आणि सायकलवर आलेला शिपाई स्टँडवर शेजारी शेजारी कुलूप लावतात, ते आम्हाला खुपू लागले होते. आमच्या विभागाचे शिपाई तासगाव रस्त्यावरच्या एका गावाहून रोज सायकलने येत. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी परतताना मागून ट्रक आला, रस्त्याची कड वीतभर खाली होती, मामांना खाली उतरता आले नाही. महाविद्यालयात शोकसभा झाली. आम्ही भाषण केले, नियती, अनित्यता, असे बरेच काही बोललो. लोकांनी वाखाणले. ती वीतभर कड कुणी भरायची होती, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. विचारायला सुचलाही नाही. मामांच्या थोरल्या मुलाने मात्र सभा संपल्यावर आम्हाला विचारले, "साहेब, तिथं मुरूम टाकायला कुणाला सांगायचं?" आम्हाला उत्तर आले नाही. त्या आठवणीमुळे आम्ही आज इथे आहोत, हे तुम्हाला कळावे म्हणून सांगितले.

हॉलंडमध्ये हाच प्रश्न विचारला गेला. आज त्या देशाचे नाव घेतले की लोक म्हणतात, त्यांची संस्कृतीच सायकलीची. तसे नाही. युद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या, सायकली कडेला ढकलल्या गेल्या. १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे गेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. एका पत्रकाराची मुलगी अशीच गेली, त्याने लेख लिहिला, आणि त्यातून 'बालहत्या थांबवा' अशा नावाची चळवळ उभी राहिली. साधे आईबाप, शेजारीपाजारी. त्यांनी रस्ते अडवले, अपघाताच्या जागा दाखवल्या. १९७५ साली सायकलस्वारांची वेगळी संघटना निघाली. १९७३ च्या तेलटंचाईचा त्यांना हातभार लागला हे खरे. पण त्यांच्या मागणीची भाषा पाहा. सायकल प्रकृतीला चांगली, असे त्यांनी म्हटले नाही. आमची मुले मरत आहेत, असे म्हटले.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले, तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यातले. १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी होत्या. मोहिमेच्या स्वयंसेविकांना गावोगाव जायला सायकल लागे, म्हणून सायकल शिकणे हा मोहिमेचाच भाग झाला. खेड्यापाड्यांतल्या हजारो बाया, शेतमजूर, दगडखाणीतल्या कामकरणी सायकल शिकल्या. टवाळीही सोसली. पण पाणी आणायला, पोराला दवाखान्यात न्यायला, बसची वाट बघत बसावे लागेना. रामूअण्णांनी १५ रुपये घेऊन दिली ती शिकवणी इथे फुकट दिली गेली, आणि ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज होती त्यांना दिली गेली.

पुण्याचे थोडक्यात सांगतो. एके काळी सायकलींचे शहर. 'परिसर'सारखी संस्था कित्येक वर्षे मागे लागली आहे, २०१७ साली महापालिकेने सायकल आराखडा मंजूरही केला. तरी मार्गिकेवर कुठे गाडी लावलेली, कुठे टपरी. मार्गिका आखणे सोपे, मोकळी ठेवणे रोजचे काम. ते निवेदनाने होत नाही, रोज जाऊन बघणाऱ्या माणसांनी होते.

इव्हान इलिच नावाचा एक विचारवंत होऊन गेला. त्याने १९७४ च्या सुमारास हिशेब मांडला, की अमेरिकन माणूस मोटारीत बसण्यात आणि तिचा खर्च कमावण्यात वर्षाला १,६०० तास घालवतो आणि ७,५०० मैल जातो. म्हणजे ताशी पाच मैलांहून कमी. पायी चालणाऱ्यासारखेच! हिशेब चटकदार आहे, वर्गात मुलांना फार आवडे. पण इलिचचा मुद्दा वेगाचा नव्हता, न्यायाचा होता. एकाचा वेग वाढला की दुसऱ्याची जागा आणि वेळ जातो, असे त्याचे म्हणणे.

म्हणून तुमच्या भांडणात आम्ही दुसऱ्या गटाचे. आरोग्यासाठी सायकल चालवणे हे व्रत आहे. व्रत करणाऱ्याचे कौतुक होते, फार तर सत्कार होतो, पण व्रतासाठी कुणी रस्ता बांधून देत नाही. कामावर जिवंत पोचणे आणि घरी जिवंत परतणे हा हक्क आहे, आणि हक्काची मागणी करताना हात जोडावे लागत नाहीत. कासला जाणाऱ्यांनी रागावू नये. तुमची ओळख आहे, तुमचे पत्र छापून येते, त्या जुन्या इंग्रज क्लबवाल्यांसारखे. ते पत्र स्वतःसाठी न लिहिता पहाटे पाळीला जाणाऱ्यासाठी लिहा, एवढेच.

आणि फेरीच्या आधी मोजणी करा. बिल्ल्याची हरवलेली वही नव्याने लिहायची, कर न घेता. किती सायकली गेल्या, किती बायका, किती शाळकरी मुली, किती जणांकडे दिवा होता, कुठे उतरून ढकलावे लागले, कुठे कड खचली आहे. पोवई नाक्यावर आता खालून रस्ते झाले, तिथून सायकलवाला कसा जातो ते उभे राहून पाहा.

येत्या सोमवारी पहाटे पावणेसहाला आम्ही औद्योगिक वसाहतीच्या फाट्यावर खुर्ची टाकून बसणार आहोत. चहाच्या टपरीशेजारी. वही आम्ही आणू. तुम्ही पेन्सिली घेऊन या, दवाने कागद ओला झाला की शाई फुटते.