वायमनची फटफटी

अमेरिकेचा विस्तीर्ण मुलूख एका महासागरापासून दुसऱ्या महासागरापर्यंत यंत्रवाहनानें प्रथम कोणीं ओलांडला, असें विचारलें असतां जाणते लोक बहुधा डॉक्टर होरेशो नेल्सन जॅक्सन यांचें नांव सांगतात. १९०३ सालीं पन्नास डॉलरांची पैज मारून हे गृहस्थ क्रॉकर नांवाच्या कारागिरासह विंटन मोटारींत बसून सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले, वाटेंत बड नांवाचा कुत्रा सोबतीस घेतला, आणि २६ जुलै रोजीं न्यूयॉर्कास पोहोंचले. त्या प्रवासाची हकीकत अनेकांनीं लिहिली. मोटार वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयांत गेली. धुळीसाठीं कुत्र्याच्या डोळ्यांवर चढविलेला चष्मासुद्धां प्रसिद्धि पावला. परंतु जॅक्सन यांच्या वीस दिवस आधीं, ६ जुलै रोजीं, पंचविशीच्या घरांतला एक तरुण त्याच शहरीं येऊन दाखल झाला होता. त्याचें नांव जॉर्ज वायमन. त्याच्याजवळ मोटार नव्हती. होती ती फटफटी.

फटफटी हा शब्दही त्या यंत्रास जरा सढळ हातानेंच द्यावा लागतो. भक्कम सायकलीच्या सांगाड्यांत बसविलेलें सव्वा अश्वशक्तीचें एंजिन, तेथून मागील चाकापर्यंत गेलेला चामड्याचा पट्टा, आणि एंजिन रुसलें तर पायाखालीं पायडल, एवढाच काय तो थाट. गरम कपडे, तेलाचे व पेट्रोलचे डबे, हत्यारें, एक लहानसा कॅमेरा व एक पिस्तूल, इतकें सामान त्यावर बांधून वायमन १६ मे रोजीं सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला.

मे महिना म्हणजे आपल्याकडे वैशाखवणवा. सिएरा नेव्हाडा पर्वतावर मात्र तेव्हां बर्फ वितळलेलें नसतें, आणि सात हजार फूट उंचीच्या त्या खिंडींतील गाडीवाट बर्फाखालींच असते. वायमननें मग रेल्वेचा मार्ग धरला. ही रेल्वे १८६९ सालीं पुरी झाली होती, आणि रुळांवर बर्फ साचूं नये म्हणून कंपनीनें त्या घाटांत मैलच्या मैल लांकडी छपरें उभारलीं होतीं. बाहेर हिमाचे ढीग, आंत भर दुपारीं काळोख, एंजिनांच्या धुराचा कोंडमारा, आणि पायाखालीं एकामागून एक स्लीपर. अशा बोगद्यांतून तो आपलें यंत्र कधीं चालवीत, कधीं ढकलीत पुढें सरकला. समोरून आगगाडी आली तर भिंतीशीं अंग चोरून उभें राहण्यावांचून तेथें गति नव्हती.

पुढें नेव्हाडाची वाळू लागली. तिजविषयीं शेवटीं बोलूं. वायोमिंग व नेब्रास्का येथें पावसानें गांठलें. त्या सालचा पाऊस कांहीं साधा नव्हता. त्याच मे-जूनांत कॅन्सस व मिसूरी या नद्यांस जो महापूर आला तो तिकडील इतिहासांत नमूद आहे. वायमनची वाट त्या पुराच्या उत्तरेस असली तरी तिकडील भुईस चिखलाची वाण नव्हती. या चिकट चिखलास तेथें ‘गंबो’ म्हणतात. आमच्या देशावरच्या काळ्या रानांतून आषाढांत ज्यानें सायकल खांद्यावर घेतली असेल, त्यास हा पदार्थ समजावून सांगण्याचें कारण नाहीं. आम्हीं स्वतः तरुणपणीं सोलापूरकडील एका वाटेवर तो प्रसाद घेतला आहे. चाक आणि त्याचा दांडा यांमध्यें माती गच्च बसते, व चार पावलांवर काडीनें ती उकरीत बसावें लागतें. फटफटीस आणखी एक विघ्न होतें. चामड्याचा पट्टा भिजला कीं सैल पडतो व घसरूं लागतो. एंजिन बिचारें धडपडतें, चाक मात्र जागचें हलत नाहीं. म्हणून पावसांतही वायमन पुनःपुन्हां रुळांच्या आश्रयास गेला. स्लीपरांवरून हाडें खिळखिळीं होतात खरीं, पण चाक रुतत नाहीं.

शिकागोस एंजिनाच्या मोडलेल्या भागाऐवजीं नवा येईपर्यंत पांच दिवस गेले. आल्बनी शहरीं एंजिनानें कायमचाच राम म्हटला. तेथून न्यूयॉर्क सुमारें दीडशें मैल. तें अंतर वायमननें तें जड धूड पायडल मारीत काटलें. एकंदर दिवस पन्नासांच्या आसपास झाले. जॅक्सन यांस ६३ लागले होते.

ही कथा आम्हीं वर्गांत सांगितली तेव्हां एका विद्यार्थ्यानें उठून विचारलें, “सर, शेवटचे दीडशें मैल त्यानें पायांनीं कापले आणि मधले कितीतरी रुळांवरून, मग त्याला मोटारप्रवासी कां म्हणावें?” प्रश्न रास्त होता. पायडलांचा आक्षेप आम्ही निम्मा मान्य करतों. तथापि जॅक्सन यांची मोटारही कप्पीदोर लावून चिखलांतून ओढावी लागली होती, व घोड्यांचें साह्यही त्यांनीं नाकारलें नव्हतें. चाळणी लावावयाची तर ती दोघांस सारखी लावावी. रुळांचा आक्षेप मात्र आम्हांस मुळींच पटत नाहीं. जॅक्सन यांनीं नेव्हाडाचें वाळवंट व सिएराचे उंच घाट टाळण्यासाठीं उत्तरेकडून ओरेगॉनचा वळसा घेतला. त्यास कारणही होतें. ज्यांच्या कारखान्यांत ती मोटार घडली, ते अलेक्झांडर विंटन स्वतः १९०१ सालीं याच साहसास निघाले होते, आणि नेव्हाडाच्या वाळूंत मोटार रुतून बसल्यावर त्यांनीं प्रवासच सोडून दिला. दोन वर्षांनीं त्याच नेव्हाडांतून, वाळूच्या कडेनें गेलेल्या स्लीपरांवरून, ती सव्वा अश्वशक्तीची सायकल फटफट करीत निघून गेली.