बातम्यांच्या आधीची धून

आमच्या निपाणीच्या घरात आज्जी सगळ्यांच्या आधी उठायची. अंघोळ, मग जपमाळ, मग बस्ती, हा तिचा नेम. पण १९७१ च्या डिसेंबरात तिनं जपाच्या आधी एक काम वाढवून घेतलं होतं. अंधारातच ती रेडिओचं बटण फिरवायची. आधी खरखर, मग तंबोऱ्याच्या झंकारावर व्हायोलिनची ती आकाशवाणीची धून. धून लागली की मागच्या दाराची कडी वाजायची. शेजारच्या वैनी यायच्या. त्यांचे मालक मराठा लाइट इन्फन्ट्रीत, पूर्वेच्या आघाडीवर होते.

"धून लागली म्हणजे जग जाग्यावर हाय बघा आज्जी," असं त्या म्हणायच्या आणि पदर आवळून उंबऱ्याजवळ टेकायच्या.

ती धून कुणाची, हे मला फार उशिरा कळलं. वॉल्टर कॉफमन नावाच्या ज्यू संगीतकाराची. हिटलरच्या छळाच्या सावटातून निसटून तो १९३४ साली मुंबईला आला. पुढं मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. आपले राग शिकला, आणि शिवरंजनीच्या वळणाची ही धून त्यानं बांधली. घर सुटलेल्या माणसानं केलेली ती धून आपण रोज आपल्या घरात ऐकत होतो.

त्याच काळात तिकडं युरोपात संगीत वेगळ्याच कामाला लावलं होतं. जून १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावर स्वारी केली. त्या आघाडीची विजयवार्ता सांगण्याआधी जर्मन रेडिओवर लिस्ट या संगीतकाराच्या रचनेतला तुताऱ्यांचा तुकडा वाजायचा. लोकांनी छाती फुगवायची ती बातमी कळायच्या आधीच! उलट बाजूला बीबीसी जर्मनांनी जिंकलेल्या देशांसाठी नगाऱ्याचे चार ठोके वाजवायची, तीन ऱ्हस्व आणि एक दीर्घ. तारेच्या भाषेत त्याचं इंग्रजी अक्षर होतं 'व्ही', म्हणजे विजय. हेच चार ठोके बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीच्या सुरुवातीला आहेत, आणि बीथोव्हेन जर्मनच! १ मे १९४५ ला हिटलर मेल्याची बातमी आली तेव्हा जर्मन रेडिओनं आधी ब्रुकनरची गंभीर सिंफनी लावली. तुताऱ्या तोवर थांबल्या होत्या.

आपल्याकडंही एका बाईनं गाण्यापाठोपाठ बातम्या दिल्या. १९४२ साली 'चले जाव'चे पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली, तेव्हा बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत चोरून काँग्रेस रेडिओ चालवला. आज या घरात, उद्या त्या घरात. सुरुवातीला 'हिंदोस्ताँ हमारा', शेवटी 'वंदे मातरम्'. १२ नोव्हेंबरला पोलीस दार फोडून आत आले तेव्हा 'वंदे मातरम्'ची तबकडी फिरत होती. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

आमच्या रेडिओवर बातमीच्या तोंडाशी ना तुतारी, ना नगारा. पहाटेची ती एकच धून, आणि बातमीच्या आधी वेळेचे नुसते ठोके. आम्ही सीमेवरची माणसं. सांगलीची मराठी बातमी संपली की वडील काटा धारवाडवर नेऊन तीच कन्नडमधून पुन्हा ऐकायचे. घरात, गल्लीत भाषेवरून वाद व्हायचे. पण दोन्ही केंद्रांची धून एकच होती. तिला शब्दच नव्हते, मग भांडण कशावरून होणार?

संध्याकाळी तर आमच्या सोप्यात गर्दीच. सूर्यास्ताआधी जेवणं उरकलेली, चूल विझलेली, त्यामुळं आमच्या घरच्या बायकाही बातम्यांना मोकळ्या. एकदा शत्रूची किती विमानं पाडली, किती रणगाडे फोडले ते सांगितलं आणि आम्ही पोरांनी टाळ्या पिटल्या. आज्जीनं हात वर केला.

"गप ऱ्हावा. तिकडं बी कोण तरी बाई अशीच कान लावून बसली असंल."

सोपा एकदम चिडीचूप झाला. मला वाटलं, आता वैनी चिडणार. ज्यांचा माणूस गोळीच्या तोंडी आहे, त्यांना शत्रूच्या बायकोची कणव कशी सांगायची? पण वैनींनी नुसतं डोळ्याला पदर लावला आणि आज्जीच्या शेजारी सरकून बसल्या.

१६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आलं. बेळगाव तर या पलटणीचं घर, १९२२ पासून तिथं तिचं केंद्र आहे, त्यामुळं आमच्या भागात पेढे वाटले गेले. वैनींनी मात्र पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. रेडिओ देशाचं सांगतो, माणसाचं सांगत नाही. जमालपूरला लढलेल्या पलटणीत आपले मालक होते, हे त्यांना पुढं पत्रातून कळलं. ते पत्र येईपर्यंत त्या रोज पहाटे येतच राहिल्या. पत्र आलं त्या दिवशी आज्जीनं दोन माळा जास्त ओढल्या. दुसरी कुणासाठी, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आता टीव्हीवर सीमेवरची बातमी आली की आधी ढोल-ताशे आणि स्फोटाचे आवाज येतात. माझी नातवंडं तेवढ्यानंच उड्या मारू लागतात. मी आवाज बंद करते आणि खालची अक्षरं वाचते. "आज्जी, आवाज का घालवलास गं?" असं ती विचारतात. मग मी त्यांना वैनींची गोष्ट सांगते.