ल जाँतीची साडेअकरा वर्षे

विज्ञानाच्या इतिहासात यशस्वी मोहिमांची वर्णने पुष्कळ आढळतात. ज्या कामासाठी मनुष्य परदेशी गेला ते कामच झाले नाही, अशा प्रवासाकडे मात्र आपण सहसा वळत नाही. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ गियोम ल जाँती (१७२५–१७९२) याचा भारताकडील प्रवास हा त्यांपैकीच एक.

केप्लरच्या तिसऱ्या नियमामुळे ग्रहांच्या सूर्यापासूनच्या अंतरांची गुणोत्तरे कळली होती. प्रत्यक्ष अंतर मात्र एकही नीट माहीत नव्हते. ते काढण्याचा मार्ग एडमंड हॅलीने १७१६ मध्ये सविस्तर मांडला. नाकासमोर बोट धरून एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा मिटला, की बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखे वाटते. शुक्र सूर्यबिंबावरून जाताना, म्हणजे त्याच्या अधिक्रमणाच्या वेळी, पृथ्वीवरील दोन दूरच्या ठिकाणांहून त्याचा मार्गही असाच थोडा वेगळा दिसतो आणि बिंब ओलांडायला लागणारा वेळ बदलतो. या फरकावरून सूर्याचे अंतर मिळते. त्यासाठी निरीक्षकाचे स्थान आणि घड्याळ मात्र अचूक हवे. ही अधिक्रमणे आठ वर्षांच्या अंतराने जोडीने येतात आणि मग शंभराहून अधिक वर्षे येतच नाहीत. १७६१ आणि १७६९ हुकली, तर पुढचे १८७४ मध्ये!

ल जाँती मार्च १७६० मध्ये पाँडिचेरीला जाण्यासाठी फ्रान्सहून निघाला. तेव्हा फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात युद्ध चालू होते. मॉरिशसमध्ये अडकून पडल्यावर कसेबसे पुढचे जहाज मिळाले; पण मलबार किनाऱ्याजवळ बातमी आली, की पाँडिचेरी इंग्रजांनी घेतली आहे. जहाज माघारी वळले. ६ जून १७६१ रोजी आकाश निरभ्र होते. शुक्र दिसलाही, पण हलत्या डेकवरून! तेथे लंबकाचे घड्याळ चालेना, रेखांशही नक्की ठाऊक नाही. त्या निरीक्षणाचा उपयोग शून्य.

आता आठ वर्षे थांबायचे त्याने ठरवले. या काळात त्याने मादागास्करच्या किनाऱ्याचे सर्वेक्षण केले. वारे, भरती-ओहोटी, प्राणी यांच्या नोंदी केल्या. १७६६ मध्ये दुसऱ्या अधिक्रमणासाठी तो मनिलाला पोहोचला. तेथील स्पॅनिश अधिकाऱ्यांना त्याचा संशय येऊ लागला, आणि पॅरिसच्या विज्ञान अकादमीचाही आग्रह पाँडिचेरीचाच होता. १७६३ च्या तहाने ते शहर फ्रेंचांना परत मिळाले होते. मार्च १७६८ मध्ये तो तेथे आला आणि उद्ध्वस्त किल्ल्याच्या अवशेषांवर त्याची वेधशाळा उभी राहिली. कालपर्यंत शत्रू असलेल्या मद्रासच्या इंग्रजांनी त्याला दुर्बीण उसनी दिली. ४ जून १७६९ ची पहाट उजाडली आणि ढग आले. अधिक्रमण संपल्यावर सूर्य दिसू लागला. मनिलाला त्या दिवशी आकाश स्वच्छ होते.

गोष्ट बहुधा येथेच संपवली जाते. आम्हांला मात्र पाँडिचेरीतील त्याचे वास्तव्य अधिक महत्त्वाचे वाटते. तेथे एका तमिळ गणकाकडून तो ग्रहणाचे गणित शिकला. हे गणक कवड्या मांडून आणि पाठ केलेल्या कोष्टकांच्या आधारे झपाट्याने हिशेब करीत. ल जाँतीने ही रीत ३० ऑगस्ट १७६५ च्या चंद्रग्रहणावर ताडून पाहिली. तमिळ गणिताने ग्रहणाचा कालावधी ४१ सेकंदांनी कमी आला. टोबिआस मायर या नामवंत युरोपीय खगोलशास्त्रज्ञाच्या कोष्टकांनी तो ६८ सेकंदांनी जास्त आला.

हे आकडे वाचून अभिमानाने छाती फुगवण्याचा मोह होतो, पण आपण जरा थांबू या. एका ग्रहणावरून कोणतीच पद्धत सरस ठरत नाही. शिवाय कोष्टके पाठ करून अचूक उत्तर काढणे वेगळे आणि चंद्र तसा का फिरतो हे सांगणे वेगळे. पहिल्या कामात तमिळ गणक तरबेज होते. दुसऱ्यासाठी युरोपात न्यूटनचे गतिशास्त्र उभे राहिले होते. ल जाँतीचे मोठेपण यात आहे, की त्याने परक्या विद्येला ना हसण्यावारी नेले, ना डोळे मिटून मान दिला. तो शिकला, मग मोजून पाहिले, आणि जे आले ते लिहून ठेवले.

ऑक्टोबर १७७१ मध्ये तो फ्रान्सला परतला. तोवर त्याला मृत समजून वारस मालमत्तेच्या वाटणीला लागले होते आणि अकादमीतील त्याची जागाही दुसऱ्याला दिली गेली होती. ती त्याला पुढे परत मिळाली. १७७९ आणि १७८१ मध्ये त्याचे प्रवासवर्णन दोन खंडांत प्रसिद्ध झाले.

सूर्याचे अंतर इतरांच्या निरीक्षणांवरून निघाले. १७७१ मध्ये लालांदने ते सुमारे १५ कोटी ३० लाख किलोमीटर इतके काढले. आजचे मूल्य १४ कोटी ९६ लाख आहे. ल जाँतीचा त्यात वाटा नाही. पण अठराव्या शतकातील तमिळ गणक ग्रहण कसे मांडत, याची प्रत्यक्ष शिकून केलेली नोंद आपल्याला मिळाली, ती ढगांनी हरवलेल्या या प्रवाशामुळे. शुक्राचे पुढील अधिक्रमण २११७ मध्ये आहे. ते पाहण्याची संधी आपल्यापैकी कोणालाच नाही. पण पंचांगातील ग्रहणाची वेळ घड्याळाशी ताडून पाहण्याचा ल जाँतीचा प्रयोग मात्र कोणत्याही शाळेच्या अंगणात करता येईल.